दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

हौसे, आपण दोघांनी मिळून शेवटचं केलं ते शेरडांची खुरं कापली. पावसाळाभर चिखलात राहून वाकडी वाढली होती. तू शेरडाची मान काखेत दाबून पाय वर धरायचीस आणि मी कापायचो. "लई आत जाऊ नगा, रगात येईल," हे तू दर पायाला म्हणायचीस. दर पायाला मी म्हणायचो, "मग तूच काप." काळीनं लाथ झाडली ती तुझ्या पोटावर बसली. तू मटकन खाली बसलीस. मी हसलो, तू पण हसलीस. म्हटलं, "बरं हाय ना गं?" तू म्हणालीस, "बरं हाय." आणि पुढचं शेरडू ओढलंस.

चहा झाल्यावर मी परत विचारलं. तेव्हा तू सांगितलंस की चार दिवस झाले, उजव्या कुशीत दुखतंय, लाथेचं काही नाही.

आपल्याकडं असंच असतं. पहिल्यांदा विचारलं की माणूस बरं हाय म्हणतो. ते रामराम घातल्यासारखं. आल्या आल्या कुणाच्या पदरात दुखणं टाकायचं नाही. पाणी द्यायचं, टेकू द्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, मग हळूच म्हणायचं, "मग, काय म्हणतीय तब्येत?" ते खरं विचारणं. तू मरेपर्यंत हे मला कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. सगळ्यांना ठाऊकच असतं असं वाटायचं.

तुला वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंतचा. तरी लिहितोय. बोलून दाखवायला घरात कुणी नाही, आणि शेरडांशी बोलायचं म्हटलं तर ती मधेच उठून जातात.

आपला दत्ता त्याची कंपनीची गाडी घेऊन आला आणि आपल्याला हिंजवडीकडच्या त्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. बिचाऱ्यानं चांगलंच ठिकाण बघितलं. तू गाडीत पण शिटावर घोंगडी अंथरायला लावलीस, पोराच्या गाडीला वास लागू नये म्हणून. मला राग आला होता. कसला वास? पण तुला आधीच ठाऊक होतं. दारातच एक सिस्टर दुसरीला म्हणाली, "मेंढरं आली गं." तुझ्या कानावर गेलं. तू पदर नाकाशी नेऊन हुंगलास. ते मी बघितलं, हौसे. तेवढं बघायला नको होतं.

वरच्या रिसॉर्टमधल्या बाया शनिवार-रविवारी उतरून यायच्या आणि तुझ्या हातावरचं गोंदण धरून फोटो काढायच्या. "किती ऑथेंटिक!" म्हणायच्या. तू मला विचारायचीस, "ही शिवी हाय का?" तेच गोंदण दवाखान्यात एकीनं कापसानं घासलं. मळ समजून. तू तिला म्हणालीस, "बाय, ते माझ्यासंगं जाळायचं हाय, आत्ता न्हाई निघायचं." ती हसली नाही. मी हसलो. आपण दोघंच हसलो तिथं.

मग ती चष्म्याची सिस्टर आली. हातात पाटी, पाटीवर कागद. उभ्या उभ्या म्हणाली, "काय मावशी, कसं वाटतंय?"

तू म्हणालीस, "बरं हाय."

तिनं लिहिलं आणि गेली. दुपारी आली, परत तेच. उभ्या उभ्या. तू परत तेच. डॉक्टर फिरायला आले तेव्हा तीच म्हणाली, "पेशंटला बरं वाटतंय." मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "साहेब, तिला लई दुखतंय." डॉक्टर चांगला माणूस होता, पण त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मग तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "ह्या लोकांना सहन होतं सर. काटक असतात." आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेला.

पुढच्या खाटेवर ती सोसायटीतली बाई होती. लेक तिचा कंपनीत. ती "आई गं" म्हणाली की दोघी सिस्टरा धावत. मी तुला म्हणायचो, "तू पण वरड की." तू म्हणायचीस, "मला लाज वाटती. परक्या माणसांत वरडायचं?" आणि मग जेव्हा खरंच सहन होईना, तू खाटेची दांडी धरून कण्हायला लागलीस, तेव्हा ती चष्मावाली म्हणाली, "मगाशी तर बरं म्हणत होता. आता नाटक कशाला?"

मी उठलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तू ऐकलंयस. तू माझं धोतर धरून खाली ओढत होतीस. एवढं पोट दुखत असताना.

तुझं पोट उघडलं तेव्हा आत फुटून पू सगळीकडं पसरलेला होता. डॉक्टरला मी नंतर विचारलं, "आदल्या दिवशी कळलं असतं तर?" तो म्हणाला, "बाबा, सांगता येत नाही." खोटं बोलला नाही तो. पण ते "सांगता येत नाही" माझ्याकडं राहिलं आहे. दत्ता म्हणतो, विसरा. कुठं ठेवून विसरू?

त्यानंतर तू काही दिवस होतीस. त्या दिवसांत आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. तू म्हणायचीस, "त्या पोरी वाईट न्हाईत वो." मी म्हणायचो, "वाईटच हायेत." तू म्हणायचीस, "ती चष्म्याची लातूरकडची हाय. पोरगं आजोळी ठेवलंय. सकाळधरनं बूड टेकलं न्हाई तिनं." मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?" तू म्हणालीस, "मी इचारलं."

हे बघ. पोट फाडलेलं, नळ्या लागलेल्या, आणि तू तिला विचारत होतीस. आणि दोनदा विचारलं असणार, त्याशिवाय ती लेकराचं सांगणार नाही. मला तुझा तेव्हाही राग आला आणि आजही येतो. एवढं सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई, आणि तिचं ऐकायला कुणी थांबू नये?

मी म्हटलं, "दमलेली म्हणून तिनं त्या शेजारणीला नाटक म्हटलं का? न्हाई. तुलाच म्हटलं." भिंतीकडं तोंड केलंस. म्हणजे मी जिंकलो असं मला वाटलं. असलं जिंकून काय करायचं असतं, हौसे?

मग एका दुपारी तू मला जवळ बोलावलंस आणि ठकूचं सांगितलंस. ठकू, माझ्या गेलेल्या धाकट्या भावाची बायको, भिंतीला भिंत लावून राहणारी तुझी जाऊ. म्हणालीस, "तिच्या लुगड्याला डाग पडत्यात. पाळी जाऊन इतकी वर्सं झाली, आन् आता हे. मीच तिला घेऊन जाणार हुते. आता माझं काय खरं न्हाई. तुमी दावा तिला कुणाला तरी."

माझे कान तापले. म्हटलं, "हे मला कशाला सांगतीस?"

तू म्हणालीस, "मग कुणाला सांगू?"

आपल्या घराची रीत तुला सांगायला नको, पण लिहिताना लिहावं लागतं. थोरला दीर समोर असला की धाकटी भावजय पदर पुढं ओढणार आणि तोंडाला तोंड देऊन बोलणार नाही. ठकू या घरात आली तेव्हापासून माझ्याशी एक शब्द सरळ बोललेली नाही. तिचं मला आणि माझं तिला, सगळं तुझ्यातून यायचं. "दादांना म्हणावं, शेतातला भात पडलाय." "तिला म्हण, पाणी आणू नको, मी आणतो." तू मधे उभी राहायचीस आणि आमचं बोलणं इकडून तिकडं द्यायचीस, आणि देताना त्यातलं कडू काढून टाकायचीस. मी शिवी दिली तरी तिला ती पोचायची नाही. पोरांशी, व्याह्यांशी, सुनांशी, माझं सगळं बोलणं तूच केलंस. मी आपला शेरडांना हाकारायचो तेवढंच.

आता ठकू दोन वेळचं ताट उंबऱ्यावर ठेवते आणि दावणीच्या काळीला म्हणते, "म्हणावं, जेवान ठिवलंय." मी काळीला म्हणतो, "म्हणावं, बरं." काळी आमच्या दोघांकडं बघते. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तुझ्या दहाव्याला बाया जमल्या तेव्हा सगळ्या एकच बोलत होत्या, घरात मरू पण त्या दवाखान्यात जायचं नाही. मीच म्हणालो होतो तसं, तुला आणल्या आणल्या, सगळ्यांसमोर. "पाऊल टाकायचं न्हाई कुणी तितं." ठकू चुलीपाशी होती. तिनं हांड्याला सांगितलं, "मला कुटं न्हेऊ नगा. मला मेंढरू म्हणून घ्यायचं न्हाई." तिचा रंग पांढरा पडला आहे, हौसे. चालताना भिंत धरते. मी रोज बघतो आणि रोज काळीला काही सांगायला तोंड उघडतो आणि मिटतो.

मग मेघना आली. तुला आठवेल, ती दवाखान्यातली नांदेडकडची पोरगी, पेशंटच्या माणसांशी बोलायचं काम करते ती. चपला बाहेर काढून आत आली, ठकूनं दिलेलं पाणी प्यायली. म्हणाली, "बाबा, आमच्याकडे नर्स लोकांचं प्रशिक्षण आहे. गावाकडच्या, वेगवेगळ्या समाजातल्या पेशंटशी कसं वागायचं. तुम्ही येऊन बोलाल का?"

मी म्हटलं, "मी शिव्या देईन."

ती म्हणाली, "द्या. पण या."

दोन दिवस मी जायचं नाही असंच धरून होतो. तिसऱ्या दिवशी गेलो. कशासाठी गेलो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. भांडायलाच गेलो असेन.

गार खोली. खुर्च्यांवर सगळ्या सिस्टरा, पांढऱ्या कपड्यात, निम्म्या पेंगत होत्या. चष्म्याची पण होती, मागच्या रांगेत. तिनं मला ओळखलं आणि खाली बघितलं. पुण्याहून आलेला एक साहेब भिंतीवर चित्रं दाखवत होता. एकेक समाज, एकेक चित्र. अमके लाजाळू असतात, तमके डॉक्टरला घाबरतात. मग आपलं आलं. लाल पागोटं, खांद्यावर कोकरू. आणि खाली लिहिलेलं साहेबानं वाचलं, "धनगर समाजातील रुग्ण काटक व सहनशील असतात."

मी बसल्या जागेवरून म्हणालो, "कोण काटक?"

साहेब थांबला. म्हणाला, "बाबा, आपण कौतुकानं म्हणतोय."

म्हटलं, "माझी बायको पाल बघून अख्खी वाडी गोळा करायची. काटा मोडला तर दोन दिवस लंगडायची आन् दोन दिवस मला ऐकवायची. ती कसली काटक? हेच सांगितलं का तुमी ह्यांना आधी? ह्यांनी तेच केलं. काटक म्हणून सोडून दिली तिला."

कुणी पेंगत नव्हतं मग. मेघनानं मला पुढं बोलावलं. मला भाषण येत नाही. मी आपलं सांगितलं, की आमच्यात पहिल्यांदा विचारलं की बरं हाय म्हणतात. पहिल्या रांगेतली एक पोरगी पटकन बोलून गेली, "आम्हीपण मजेत म्हणतो की बाबा! सासू फोनवर विचारते तेव्हा." सगळ्या हसल्या. मला पण हसू आलं, राग आलेला असताना. म्हणजे ते फक्त आपल्यात नव्हतं. त्यांनाही ठाऊक होतं. स्वतःच्या आयाबायांचं ठाऊक होतं. तुझ्यापाशी आल्यावर विसरल्या.

मी चष्म्याच्या बाईकडं बघून म्हणालो, "तुमी दुसऱ्यांदा का न्हाई इचारलं?"

मला वाटलं ती रडेल नाहीतर उठून जाईल. ती उभी राहिली. म्हणाली, "वेळ नव्हता बाबा. अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी." मग म्हणाली, "पण त्या शेजारच्या ताईंना मी विचारत होते. तेही खरं आहे. मला वाटलं, तुम्हाला सवय असते."

"कशाची?"

"दुखण्याची."

तिनं माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं माहीत नाही. साहेब काहीतरी मधे बोलायला लागला, मेघनानं त्याला हातानं थांबवलं. आणि मी तिथं उभा, तोंडात एवढ्या शिव्या घेऊन, आणि मला एकदम ठकू आठवली. भिंत धरून चालणारी. तुला सांगतो हौसे, मी ठरवून काही बोललो नाही. तोंडातून दुसरंच आलं.

म्हटलं, "माझी भावजय हाय घरी. तिला बाईमाणसाचं दुखणं हाय. मला ठाऊक हाय, पण मला ते बोलता येत न्हाई आन् तिला माझ्यासमोर बोलता येत न्हाई. जी मधे बोलायची ती हितंच मेली. तुमच्यातली कुणी तिच्यापाशी खाली बसंल का? आधी चा पाजा. कुटली, काय, शेरडं किती, पोरं काय करत्यात, असलं काय तरी बोला. मग इचारा. आन् बरं हाय म्हणली तर उठू नका."

कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. चष्म्याची बाई अजून उभीच होती. म्हणाली, "उद्या आणा. उद्या सकाळी मी आहे."

मी तिला बरं पण म्हटलं नाही. निघून आलो. एसटीत बसून तुझ्याशी भांडत आलो. तू म्हणत होतीस, बघा, मी म्हणलं न्हवतं? मी म्हणत होतो, काही बघितलं नाही मी. एक शब्द चांगला बोलली म्हणून चांगली होत नाही. तुला परत आणणार आहे का ती? तू गप्प. तू आता सारखी गप्पच राहून जिंकतेस, हा अन्याय आहे.

संध्याकाळी शेरडं आत घातली आणि अंगणात उभा राहिलो. ठकूच्या दाराला पडदा. मी काळीला मोठ्यानं सांगितलं, "म्हणावं, उद्या दवाखान्यात जायचंय. हौसा सांगून गेलीय. तितं एक बाई पाशी बसंल. मी आत येणार न्हाई, बाहेरच बसणार."

आतून बराच वेळ भांडी वाजली. मग भांडी थांबली. "दादांना म्हणावं, तितं मला वास येतोय म्हणल्या तर?"

काळीला काय सांगू? मी पडद्याकडं तोंड करून बोललो. म्हटलं, "ठकू, तसं कुणी म्हणलं तर तू बाहेर ये. आपण दोघं घरी येऊ. मी एक शब्द बोलणार न्हाई, सरळ घरी." तिच्या लग्नापासून मी तिला नावानं हाक मारली ती ही पहिली. ती आत रडली बहुतेक. मी ऐकलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी तयार होती. नवं लुगडं, पदर कपाळापर्यंत. शेरडं शेजारच्यांच्या हवाली केली. एसटीत ती माझ्या मागच्या शिटावर बसली, बायांच्यात. दवाखान्याच्या दारात चष्म्याची बाई उभी होती. माझ्याकडं तिनं नुसती मान हलवली. ठकूच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला मावशी, आधी चहा घेऊ." ठकूनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. पदराआडून नाही. सरळ.

दार लागलं. मी बाहेर बाकड्यावर बसलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त दोन बायांचे आवाज. आधी एकीचाच होता. मग दुसरीचा आला, बारीक, तुटक. मग तो थांबेचना.

मी बाकड्याच्या एका टोकाला बसलो होतो आणि टोपी काढून शेजारी ठेवली होती, तुझी जागा धरायला. एक माणूस आला, हातात पोराला घेऊन. म्हणाला, "बाबा, हितं कुणी बसलंय का?"

मी टोपी उचलली. म्हटलं, "न्हाई. बस."